तापीच्या बेटावरची राखण

आमच्या खानदेशाला समुद्र नाही. मुलताईला उगम पावलेली तापी ७२४ किलोमीटर वाहत सुरतेपाशी अरबी समुद्राला मिळते, एवढंच आमचं समुद्राशी नातं, आणि तेही गुजरातच्या हद्दीत. तरी आमच्या गावात नदीवरच्या पक्ष्यांची जी राखण सुरू झाली, ती कोकणातल्या कासवांच्या एका गावाकडे बघून. आमचं गाव तापीकाठचं. नाव आणि तालुका सांगत नाही, कारण वाळूवाले अजून तिथेच आहेत आणि माझी शाळाही.

सुरुवात शाळेतच झाली. चौथीतल्या एका पोराने जेवणाच्या डब्यातून अंडी आणली. मातकट रंगाची, अंगभर तपकिरी शिंतोडे, खाली पोळीचा तुकडा अंथरलेला. "टिटवीना अंडा शेतस मॅडम," तो म्हणाला. मला पक्ष्यांचा थोडा नाद आहे. कुठून आणली ते त्याने सांगितलं तेव्हा लक्षात आलं की ही टिटवीची नव्हेत, नदी सुरयाची. उन्हाळ्यात पिवळीधमक चोच, डोक्यावर काळी टोपी, लांब दुभंगलेली शेपूट, पाण्यावर सूर मारून मासा उचलणारा पक्षी. मार्च ते मे या दिवसांत नदीचं पाणी उतरलं की हा वाळूच्या उघड्या बेटावर नुसता खळगा करतो आणि दोन-तीन अंडी घालतो. ना काडी, ना आडोसा. त्याच बेटांवर नदी टिटव्या असतात, छोट्या आर्ली असतात. तापीवर प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे अशी बॅरेज झाली, मागे पाणी साठलं आणि पुष्कळशी वाळू कायमची बुडाली. जी उरली तिच्यावर ट्रॅक्टर. नदी सुरय २०२० पासून धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत 'असुरक्षित' या वर्गात आहे. आमच्या गावात मात्र तो कुणाच्या गणतीतच नव्हता.

पोराला रागावून उपयोग नव्हता. त्याला ती जागा दाखवली होती त्याच्या आजोबांनी, म्हणजे आमच्या भोई आप्पांनी. आप्पांचं आयुष्य नदीत गेलेलं. कुठल्या डोहात वाम आहे आणि कुठल्या बेटावर कोण बसतं, सगळं तोंडपाठ. पक्ष्याचं नाव विचारलं तर म्हणाले, "नाव कशाला पाहिजे? तो पिवळ्या चोचीचा."

वेळासबद्दल मी आधीपासून वाचलं होतं. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, बाणकोटजवळचं गाव. नाना फडणवीसांचं म्हणूनही लोकांना माहीत असतं. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची मंडळी सागरी गरुडाच्या घरट्यांची पाहणी करत तिथे पोचली आणि किनाऱ्यावर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. ऑलिव्ह रिडले कासव १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, पण कायद्याची प्रत काही किनाऱ्यावर टांगलेली नसते. अंडी उकरून खाल्ली जात होती, विकली जात होती. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांनाच हाताशी धरलं. ज्यांना माग काढता येतो, घरटं ओळखता येतं, तेच राखणदार झाले. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे यायला लागले, आणि ते घराघरांत उतरायला लागल्यावर कासव गावाचं झालं. पुढे वनखातं आणि त्याचा खारफुटी जपणारा कांदळवन कक्ष यांनीही हे काम हातात घेतलं.

हे सगळं मी गावात सांगून पाहिलं. लोक मान डोलवायचे आणि उठून जायचे. तेव्हा ठरवलं, सांगायचं नाही, दाखवायचं. आणि न्यायचं कुणाला? निसर्गप्रेमींना नाही. आप्पांना न्यायचं, नदीपात्रात टरबूज-डांगराची वाडी लावणाऱ्या मावशींना न्यायचं, आणि गणपती मंडळाची चार पोरं, ज्यांच्यापैकी दोघं हिवाळ्यात वाळूच्या ट्रॅक्टरवर असायची. ग्रामसेवक भाऊसाहेब येतो म्हणाले आणि ऐन वेळी आले नाहीत. ते बरंच झालं.

मार्चमध्ये भाड्याच्या तुफान गाडीने निघालो. नाशिक, पनवेल, माणगाव, म्हाप्रळ, मंडणगड. रात्रभराचा प्रवास, त्यात घाटात दोघांना ओकाऱ्या. मावशींनी कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि बिबडे बांधून घेतले होते, तेही इतके की परत येईपर्यंत पुरले. वेळासला ज्यांच्या घरी उतरलो त्या वहिनींनी पहिल्याच जेवणाला उकडीचे मोदक वाढले. आप्पांनी एक खाल्ला आणि हळूच विचारलं, तिखट काही आहे का. मग आमचा ठेचा निघाला. त्या घरचे काका त्या ठेच्याने घामाघूम झाले आणि तिथून पुढे बोलणं मोकळं झालं. मावशी पाहुण्यांच्या खोलीत कमी आणि वहिनींच्या चुलीपाशी जास्त होत्या. माणशी किती घेता, किती दिवस लोक येतात, पाणी पुरतं का, मुंबईची माणसं संडासाबद्दल काय बोलतात, सगळं त्यांनी विचारून घेतलं. मी वहीत कासवाचे आकडे लिहीत होते तेव्हा मावशी खरा हिशेब करत होत्या.

तिथलं काम मी जवळून पाहिलं. हंगामात कासवमित्र रात्री-पहाटे किनारा चालतो. समुद्रातून वर आलेला आणि परत गेलेला असा मादीच्या वल्ह्यांसारख्या पायांचा दुहेरी माग वाळूत उमटलेला असतो. दोन माग जिथे मिळतात तिथे काठी हलकेच टोचत जायचं. जिथे वाळू एकदम सैल लागते, काठी आपोआप आत जाते, तिथे हाताने उकरायचं. साधारण दीड फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद असा खड्डा, त्यात शंभर-सव्वाशे अंडी, पिंगपाँगच्या चेंडूएवढी. ती मोजून वाळूसकट बादलीत घ्यायची, हलवायची नाहीत, आणि भरतीच्या रेषेच्या वर जाळी मारलेल्या हॅचरीत तशाच आकाराचा खड्डा करून पुन्हा पुरायची. वर पाटी: तारीख, अंड्यांची संख्या. कुत्री, कोल्हे, घोरपडी, खेकडे आणि माणूस, या सगळ्यांपासून राखायचं ते पुढचे पंचेचाळीस ते पंचावन्न दिवस.

आप्पा कासवमित्राचा हात बघत होते. काठी कशी धरतो, किती जोर देतो. मग स्वतः मागून घेऊन मोकळ्या वाळूत टोचून पाहिली. दोघांची भाषा धड एकमेकांना कळत नव्हती, पण काठीवरून त्यांचं अर्धा तास चाललं. तो सांगत होता की वाळूच्या उबेवर पिल्लू नर की मादी ते ठरतं. साधारण २९-३० अंशांच्या वर गेली तर माद्या जास्त, खाली राहिली तर नर जास्त. आप्पा म्हणाले, "मग आपल्या खानदेशात निस्त्या पोरीच झाल्या असत्या भो."

संध्याकाळी हॅचरीतल्या एका खड्ड्यावर झाकलेली टोपली उचलली तेव्हा खाली काहीच नव्हतं. लांबून आलेले पाहुणे हिरमुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच टोपली उचलली आणि खाली काळसर पिल्लांचा नुसता ढीग वळवळत होता. मोजली, टोपलीत घेतली, किनाऱ्यावर दोरी बांधून लोकांना मागे उभं केलं आणि पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडली. पाण्यात नेऊन का सोडत नाहीत, असं पोरांनी विचारलं. ती वाळू त्यांनी चालली पाहिजे, माद्या मोठ्या होऊन आपल्या जन्माच्या किनाऱ्याकडे परत येतात असं मानतात, हे उत्तर. प्रत्येक लाट त्यांना मागे ढकलत होती आणि ती पुन्हा निघत होती. मावशींनी विचारलं, "येस्नी माय कोठे शे?" आई अंडी झाकून त्याच रात्री समुद्रात परत गेलेली असते, पुन्हा बघायला येत नाही, असं कळल्यावर मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मोठी होतात ती हजारात एखादं, हे ऐकल्यावर तर त्या काकांवरच रागावल्या. म्हणे इतकं राखून एकच?

काकांनी मग कासवं कुठवर जातात ते सांगितलं. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग लावला, तिचं नाव ठेवलं 'प्रथमा'. आणि ओडिशात २०२१ साली खूण केलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत थेट गुहागरला अंडी घालायला आली. बंगालच्या उपसागरातलं कासव कोकणात! माझ्या वर्गातला भूगोलाचा नकाशा त्यानंतर मला वेगळा दिसायला लागला, पण ते असो.

आप्पांच्या डोक्यात मात्र दुसरीच गोष्ट अडकली. मच्छीमाराच्या जाळ्यात कासव, देवमासा, बहिरी मासा असं काही संरक्षित सापडलं आणि त्याने जाळं कापून ते सोडलं, तर सरकार जाळ्याची २५ हजारांपर्यंत भरपाई देतं. राज्यात ही योजना २०१८ च्या डिसेंबरपासून आहे. फोटो-व्हिडिओचा पुरावा द्यावा लागतो. आप्पांनी विचारलं, नदीतल्या कासवाला आहे का? तापीतलं मऊ पाठीचं पाणकासवही त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पण योजना समुद्राची. नदीच्या भोयाने जाळं कापलं तर ते त्याच्या खिशातून. परतीच्या वाटेवर माणगावला चहा पिताना आप्पा हेच घेऊन बसले होते, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं.

गावात आल्यावर पोरांना लगेच हॅचरी करायची होती. जाळी, पाट्या, टोपल्या, सगळा थाट. इथे मला पाय रोवून उभं राहावं लागलं. कासवाचं अंडं वाळूची ऊब उबवते, म्हणून ते उचलून दुसऱ्या वाळूत ठेवता येतं. सुरयाचं अंडं आई-बाप उबवतात, किंवा खरं सांगायचं तर मे महिन्यात थंड ठेवतात. दुपारी पारा चव्वेचाळीसवर, वाळूवर अनवाणी पाय टेकवत नाही, आणि हा पक्षी अंड्यांवर सावली धरून उभा असतो. मधेच उडतो, पाण्यात पोट भिजवतो आणि ओल्या पोटाने परत येऊन बसतो. माणूस बेटावर गेला की सगळी वसाहत उठते आणि डोक्यावर ओरडत फिरते. आपल्याला वाटतं काय छान थवा आहे, आणि खाली अंडी भाजत असतात. म्हणजे वेळासला राखणदाराने अंड्याजवळ जायचं, आणि आमच्याकडे कुणीही जायचं नाही, राखणदारानेसुद्धा.

मग राखायचं कसं? हा प्रश्न मावशींनी सोडवला. त्या आधी सरळ म्हणाल्या होत्या, "माले काय भेटी यामा?" वाजवी प्रश्न आहे. वाडी लावणारी माणसं डिसेंबरपासून मेपर्यंत पात्रातच खोप करून राहतात, रात्री जागतात, कोल्ह्यांना हाकलतात, वेलांवरून ट्रॅक्टर जाऊ नये म्हणून भांडतात. बेटावरच्या पक्ष्याचे शत्रू कोण? कोल्हे, कुत्री, ट्रॅक्टर आणि वरच्या धरणातून अचानक सुटणारं पाणी. वाडीचे शत्रू कोण? तेच. मावशींनी हे माझ्या आधी ओळखलं. त्यांची अट एकच होती: ठराव करायचा तर त्यात वाडीही लिहायची, नुसते पक्षी नाहीत.

ठराव कुणी करायचा याचा शोध घेतला तेव्हा कळलं की आमच्या गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे! २००२ च्या कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत ती असावी लागते. २०१९-२० च्या सुमारास हरित लवादाने तगादा लावल्यावर गावोगावी घाईघाईने कागदावर समित्या झाल्या, तशीच आमची. सदस्यांपैकी एक बाई म्हणाल्या, मला वाटलं बचत गटाची सही आहे. गावातल्या जीवजाती टिपायच्या लोकजैवविविधता नोंदवहीत नदीच्या पानावर 'मासे: विविध, पक्षी: विविध' एवढंच. आम्ही समितीत जागा रिकामी होती तिथे आप्पांना आणि मावशींना घेतलं आणि ते पान नव्याने लिहिलं. आप्पा सांगत गेले, माझी आठवीतली एक जुनी विद्यार्थिनी लिहीत गेली. कुठला मासा कुठल्या महिन्यात अंड्यावर असतो, कुठल्या डोहात पूर्वी काय मिळायचं, कुठलं बेट कुठल्या पुराने हललं. दोन संध्याकाळी गेल्या आणि पानं संपली.

ग्रामसभेत ठराव मांडला: मार्च ते मे ठरावीक बेटांवर कुणी उतरायचं नाही, तिथे वाळूचा उपसा नाही, वाडीवाल्यांनी दिवसा कुत्री बांधून ठेवायची, आणि वरून पाणी सोडण्याआधी गावाला कळवावं अशी मागणी. वाळूच्या कलमावर अर्धा तास आवाज चढले. एकाने मला शाळेचं काम सोडून हे धंदे कोणी सांगितले असं विचारलं. तेव्हा उत्तर मी दिलं नाही. ट्रॅक्टरवर जाणाऱ्या त्या दोघांपैकी एका पोराने दिलं. काय दिलं ते छापण्यासारखं नाही. ठराव बहुमताने झाला. उपसा त्याने थांबला का? रात्रीचा नाही थांबला. पण तो त्या बेटांवरून खालच्या वळणाकडे सरकला, कारण इकडे मावशींच्या खोपीतून बॅटरी पडायची आणि मोबाइलवर व्हिडिओ निघायचा.

जाळ्याचा प्रश्न आम्ही आमच्यापुरता मिटवला. गणपती मंडळाची वर्गणी शिल्लक होती. पाणकासव अडकलं, भोयाने जाळं कापून सोडलं, फोटो दाखवला, की जाळ्याच्या तुकड्याचे पैसे मंडळ देणार. एकाने एकच फोटो दोनदा दाखवला, तो कासवाच्या पाठीवरच्या ओरखड्याने सापडला. त्यालाही अर्धे दिले. पोरं म्हणाली, पुढच्या वेळी खरं सोडेल.

आणि मग पाणी आलं. एप्रिलच्या शेवटाला, पिल्लं फुटायच्या बेतात असताना, वरून रात्रीत आवर्तन सुटलं. पिण्याचं पाणी होतं, खालच्या शहरांना ते लागतंच, त्याला कुणाचा विरोध नव्हता आणि नसावा. आमची मागणी फक्त आधी सांगा एवढी होती, आणि ती अर्जावरच राहिली. पहाटे आप्पांचा फोन आला. सखल बेट पूर्ण पाण्याखाली, वरच्या बेटाचा कडा ढासळलेला. मावशींच्या वाडीतली काढायला आलेली डांगरं पाण्यावर डुलत खाली चालली होती आणि पोरं ती गळाने ओढत होती. पक्षी पाण्यावर घिरट्या घालत होते, जिथे घरटी होती बरोबर त्याच जागी. उंच बेटावरची घरटी वाचली, सखल बेटावरचं काही उरलं नाही.

यानंतरच्या अर्जाला मात्र जोर आला, कारण त्यावर पक्ष्यांबरोबर टरबुजांचं नुकसान होतं. पक्ष्यांसाठी कुणी खुर्चीतून उठत नाही. टरबुजाच्या पंचनाम्याला तलाठी येतो. मावशींनी स्वतः पाणी सोडणाऱ्या कचेरीत जाऊन साहेबांपुढे एक सडलेला वेल ठेवला आणि विचारलं, "पानी कव्हय सोडतीन, एवढं सांगाले काय लागस?" आता तिथल्या एका कर्मचाऱ्याच्या फोनमध्ये आमच्या वाडीवाल्यांचा गट आहे. पाणी सुटायच्या आधी निरोप येतो. नेहमी नाही, पण येतो. निरोप आला की डांगरं काढता येतात. अंडी काढता येत नाहीत. फार तर पहिली घरटी बुडाल्यावर काही जोड्या उंच वाळूवर पुन्हा खळगे करतात, तेव्हा ती जागा मोकळी असली पाहिजे एवढं बघता येतं. म्हणून ठरावातला बंदीचा काळ आम्ही जूनच्या पहिल्या पावसापर्यंत वाढवून घेतला.

पोरांच्या डोक्यातून महोत्सव अजून गेलेला नाही. बॅनरचं डिझाइनसुद्धा तयार होतं, त्यावर सुरयाऐवजी कुठल्या तरी परदेशी समुद्रपक्ष्याचा फोटो. आप्पांनी साफ नाही म्हटलं. वेळासला माणसं येतात ती पिल्लू समुद्रात जाताना बघायला, आणि पिल्लाचं त्यात काही बिघडत नाही. इथे माणूस आला की पक्षी उठतो. बरीच भांडाभांडी होऊन तोड निघाली ती अशी: पाहुणे बोलवायचे, पण जानेवारी-फेब्रुवारीत, थंडीची बदकं पाण्यावर असतात तेव्हा, आणि घाटाच्या पायऱ्यांवरूनच दुर्बिणीने दाखवायचं. जेवण मावशींकडे, वरण-बट्टी आणि भरीत. माणशी किती घ्यायचे ते वेळासच्या वहिनींना फोन करून विचारलं. त्यांनी सांगितलेला आकडा मावशींना कमी वाटला.